गोळी वाकडी का जाते?

एक रायफल घ्या. ती माणसाच्या हातात न देता जड लोखंडी चौकटीत घट्ट आवळून बसवा. समोर शंभर यार्डांवर कागद लावा. वारा पडलेला असताना, रायफल जराही न हलवता, एकाच डब्यातली दहा काडतुसे एकामागून एक उडवा. कागदावर किती भोके पडतील?

बहुतेक विद्यार्थी 'एक' असे उत्तर देतात आणि तर्काला धरून ते योग्यही आहे. यंत्र तेच, दारू तीच, नळी तीच, तर परिणामही तोच यायला हवा. प्रत्यक्षात कागदावर दहा भोकांचा एक पुंजका दिसतो. नेमबाजाचा हात थरथरला असे म्हणावे, तर येथे नेमबाजच नाही. मग या दहा गोळ्यांना वेगवेगळ्या दिशा कोणी दाखवल्या?

या प्रश्नाचा पाठलाग सुमारे पावणेदोनशे वर्षे चालला. त्यात एक इंग्रज गणिती होता, मँचेस्टरचा एक यंत्रकार होता आणि कोंबड्यांच्या खाद्यासाठी हाडे कापण्याचे यंत्र विकणारा एक अमेरिकन डॉक्टरही होता. तिघांच्या कामात एक साम्य आढळते. गोळी नीट जावी म्हणून सगळेच धडपडत होते. या तिघांनी मात्र मुद्दाम विचित्र गोळ्या, विचित्र नळ्या घेऊन ती कशी बिघडते ते पाहिले. बंदूक हे मारण्याचे साधन आहे आणि तिच्याविषयी ओढ वाटावी असे त्यात काही नाही. पण प्रयोग कसा रचावा, अनेक कारणांच्या गुंत्यातून एकच कारण कसे वेगळे काढावे, याचे इतके स्पष्ट उदाहरण शाळेच्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच सापडते. म्हणून हा इतिहास.

बेंजामिन रॉबिन्सचा जन्म १७०७ साली इंग्लंडमधील बाथ येथे झाला. घरचे लोक क्वेकर, म्हणजे शस्त्र आणि युद्ध यांना विरोध करणाऱ्या पंथाचे. हा मुलगा मात्र पुढे तोफा आणि किल्ले यांच्या शास्त्रात शिरला. विसाव्या वर्षी तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला, यावरून त्याच्या गणिताची कल्पना यावी.

त्या काळी तोफखान्याची पुस्तके गॅलिलिओच्या अन्वस्तावर उभी होती. फेकलेली वस्तू अन्वस्ताच्या वाटेने जाते, हे गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात दाखवले होते. बंदुकीच्या गोळीसारख्या अतिवेगवान वस्तूंच्या बाबतीत हवेमुळे हा नियम बिघडेल, असा इशाराही त्याने तेथेच देऊन ठेवला होता. पुढच्या लेखकांनी अन्वस्त उचलला आणि इशारा सोडून दिला. हवा विरळ, गोळी शिशाची. हवा तिला काय अडवणार, असा सरळ हिशेब! गोळीचा वेग मोजण्याची सोय नव्हती, त्यामुळे हा हिशेब चुकीचा आहे असे कोणी सिद्धही करू शकत नव्हते.

रॉबिन्सने ती सोय केली. १७४२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 'तोफविद्येची नवी तत्त्वे' या अर्थाच्या शीर्षकाच्या छोट्याशा पुस्तकात तिचे वर्णन आहे. लोखंडी पट्टीचा एक जड लंबक, खालच्या भागावर लाकडाची फळी बसवलेली. सगळे मिळून वजन ५६ पौंड ३ औंस, म्हणजे सुमारे साडेपंचवीस किलो. गोळी फळीत घुसते, अडकते आणि लंबक मागे झुलतो. लंबकाच्या खालच्या टोकाला एक फीत अडकवलेली असते. झोका जितका मोठा तितकी फीत ओढली जाते, आणि झोका संपला तरी किती फीत ओढली गेली ते सावकाश मोजता येते. संवेग अक्षय्य राहतो एवढे तत्त्व हाताशी असले की गोळीचा वेग निघाला.

दहावीचे विद्यार्थीही हा हिशेब ढोबळपणे करू शकतील. रॉबिन्सची गोळी पाऊण इंच व्यासाची होती. अशा बारा गोळ्यांचे वजन एक पौंड, म्हणजे एक गोळी सुमारे ३८ ग्रॅम. लंबक तिच्यापेक्षा साधारण ६७० पट जड. म्हणून ताशी अठराशे किलोमीटरच्या वेगाने आलेली गोळी पोटात घेऊन लंबक सेकंदाला अवघा पाऊण मीटर वेगाने सरकू लागतो आणि तीन सेंटिमीटरच्या आसपास वर उचलला जातो. जो वेग डोळ्याला दिसतही नाही, तो अशा रीतीने फूटपट्टीच्या आवाक्यात आला. (खरा लंबक सर्व वस्तुमान एका बिंदूत असलेला नसतो, त्यामुळे रॉबिन्सचे गणित याहून थोडे अवघड होते.) उत्तर आले सेकंदाला १६७० फूट, म्हणजे सुमारे ५१० मीटर.

पुढची पायरी साधी आणि सुंदर आहे. लंबक बंदुकीजवळ ठेवून वेग मोजायचा, मग तो दूर नेऊन पुन्हा मोजायचा. मधल्या अंतरात वेग जितका घटला तितका हवेने खाल्ला. या गोळीला नळीतून बाहेर पडताना हवेचा जो विरोध होतो तो तिच्या वजनाच्या जवळजवळ १२० पट असतो, असे रॉबिन्सला आढळले. ज्या हवेला तोफखान्याचे पंडित शून्य मानत होते, ती गोळीला तिच्या वजनाच्या शंभर पटींहून अधिक जोराने मागे रेटत होती. २४ पौंडी तोफगोळ्याचा पल्ला अन्वस्ताच्या गणिताने १६ मैल यायला हवा. प्रत्यक्षात तो तीन मैलही जात नाही, हे कोडे येथे सुटले. शिवाय वेग ध्वनीच्या वेगाजवळ आला की हवेचा विरोध एकदम वाढतो, हेही त्याच्या नजरेतून निसटले नाही. ध्वनीच्या वेगाजवळचा हा अडथळा विमानविद्येला छळू लागला तो जवळजवळ दोनशे वर्षांनी.

पण आपला प्रश्न आहे गोळी वाकडी का जाते हा. त्या काळच्या साध्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत आणि गोळी गोल असे. अशी गोळी शंभर यार्डांवर कधी उजवीकडे तर कधी डावीकडे भरकटे. शिपाई म्हणत, नळी वाकडी असेल. रॉबिन्सने याची परीक्षा केली. नळीसमोर ५० आणि १०० फुटांवर पातळ कागदांचे पडदे टांगले आणि ३०० फुटांवर भिंत ठेवली. गोळी वाकड्या दिशेने पण सरळ रेषेत जात असेल, तर दोन पडद्यांवरची भोके आणि भिंतीवरची खूण एका रेषेत यायला हवीत. ती येत नव्हती. गोळी वाटेतच वळत होती, आणि कुठल्या बाजूला वळेल याचा भरवसा नव्हता.

आडव्या दिशेने ढकलणारे असे काय असेल? गुरुत्वाकर्षण तर खाली ओढते. रॉबिन्सने तर्क केला तो असा. सैलसर बसलेली गोळी नळीच्या भिंतीला घासत जाते आणि घासल्यामुळे गरगरते. गरगरणाऱ्या गोळीची एक बाजू हवेवर चाल करून जाते, तर दुसरी हवेबरोबर मागे सरते. दोन्ही बाजूंना हवेचा विरोध सारखा राहत नाही, आणि गोळी एका बाजूला ढकलली जाते.

तर्क तर झाला, तो पटवायचा कसा? येथे रॉबिन्सने केलेला प्रयोग मला या संपूर्ण इतिहासातला सर्वांत देखणा वाटतो. त्याने बंदुकीची नळी तोंडाजवळच्या तीन-चार इंचांत मुद्दाम डावीकडे वाकवली. नळी डावीकडे वळली म्हणजे गोळी डावीकडे जाणार, हे शेंबडे पोरही सांगेल. पण रॉबिन्सचे म्हणणे वेगळे होते. सरळ येणारी गोळी वाकलेल्या भागात उजव्या भिंतीला घासेल. त्यामुळे तिची उजवी बाजू मागे रेटली जाईल, डावी पुढे धावेल, म्हणजे वरून पाहिले तर गोळी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरू लागेल. डावी बाजू हवेवर चाल करणार, म्हणून हवा गोळीला उजवीकडे ढकलणार. तेव्हा गोळी निघेल डावीकडे, पण पुढे वळून उजवीकडे येईल. घडले तसेच. पडद्यांवरची भोके डावीकडे होती आणि भिंतीवरची खूण मूळ रेषा ओलांडून उजवीकडे गेली होती. बंदुकीची नळी जिकडे वळवावी त्याच्या उलट बाजूला गोळी लागते, हे एरवी कोणी स्वप्नातही मानले नसते. म्हणूनच हा पुरावा भक्कम आहे. सर्वांना आधीच पटलेली गोष्ट खरी ठरली तर सिद्धान्ताच्या पदरात फारसे पडत नाही.

रायफलचे कोडेही याच किल्लीने उघडले. रायफलच्या नळीत आतून पेचदार खाचा, म्हणजे आटे, कोरलेले असतात. शिकारी अशा बंदुका रॉबिन्सच्या आधी दोन शतकांहून अधिक काळ वापरत होते आणि त्यांचा नेम चांगला बसतो हे जाणून होते. का बसतो, याविषयी मात्र दंतकथा होत्या. स्क्रू लाकडात शिरावा तशी गोळी हवेत भोक पाडत जाते, असे पुष्कळांना वाटे. रॉबिन्सने सांगितले की आट्यांमुळे गोळीची गरगर थांबत नाही, तिला शिस्त लागते. फिरण्याचा अक्ष प्रवासाच्याच दिशेने असल्यामुळे सगळ्या बाजू हवेला सारख्याच सामोऱ्या जातात आणि आडवा धक्का उरत नाही. १७४७ साली रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात त्याने गोल गोळीऐवजी अंड्याच्या आकाराची गोळी सुचवली, आणि जे राष्ट्र रायफलचे मर्म आधी ओळखेल त्याच्या सैन्याला मोठे वर्चस्व मिळेल असेही भाकीत केले. इंग्लंडच्या लष्कराने त्यावर शंभरएक वर्षे विचार केला.

याला थोडा हातभार एका थोर माणसाचाही लागला असावा. लिओनार्ड ऑयलर हा त्या युगाचा सर्वश्रेष्ठ गणिती. रॉबिन्सने १७३९ साली त्याच्या यंत्रशास्त्रावरील ग्रंथावर बोचरी टीका केली होती. तरीही ऑयलरने रॉबिन्सचे पुस्तक जर्मनमध्ये आणले आणि १७४५ साली मूळ पुस्तकाहून कितीतरी मोठ्या टीपांसह छापले. हा मनाचा मोठेपणा खराच. पण गरगरण्यामुळे गोळी वळते, हे मात्र त्याला मान्य झाले नाही. गोळीचा आकारच सदोष असेल असे तो म्हणाला. ऑयलरचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य! पुढे १८५२ साली बर्लिनच्या हाइन्रिख माग्नुसने प्रयोग करून हा परिणाम पुन्हा दाखवला, आणि आज पाठ्यपुस्तकांत त्याला माग्नुसचेच नाव आहे. फिरकी गोलंदाजाचा चेंडू हवेत वाहतो, टेनिसचा चेंडू झपकन खाली बसतो, फुटबॉल भिंतीला वळसा घालून जाळ्यात जातो, ते याच परिणामामुळे.

रॉबिन्सचा शेवट आपल्या देशात झाला. ईस्ट इंडिया कंपनीने किल्ल्यांच्या बांधकामासाठी त्याला मुख्य अभियंता नेमले. १७५० साली तो येथे पोचला, मद्रासच्या तटबंदीच्या योजना करू लागला, आणि वर्षभरातच, २९ जुलै १७५१ रोजी, कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये तापाने वारला. वय अवघे ४४.

आता शंभर वर्षे ओलांडू. १८४९ च्या सुमारास फ्रान्सच्या मिन्ये या अधिकाऱ्याने बुडाशी पोकळ असलेली लांबट गोळी आणली. ती नळीत सहज सरकते, आणि दारू पेटली की बूड फुगून आट्यांत घट्ट बसते. इंग्लंडची १८५३ ची एनफील्ड रायफल याच तत्त्वावर होती. तिचे काडतूस कागदाचे असे. आत दारू आणि गोळी, आणि गोळी घुसवायला सोपे जावे म्हणून कागदाला बाहेरून चरबी चोपडलेली. जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडम येथे या चरबीविषयीची कुजबुज सुरू झाली. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. उठावाची कारणे अनेक आणि खोल होती. तरी वंगणाच्या एका थराला इतिहासात एवढी जागा क्वचितच मिळाली असेल.

त्याच १८५७ साली इंग्लंडमध्ये हाइथ येथे एनफील्ड रायफलची एका नव्या रायफलशी गाठ पडली. ती होती जोसेफ व्हिटवर्थची. आपल्याकडच्या कोणत्याही जुन्या फिटरला 'व्हिटवर्थ' हे नाव ठाऊक असते, कारण नट-बोल्टच्या आट्यांचे पहिले प्रमाण याच माणसाने १८४१ साली घालून दिले. १८५४ साली सरकारने त्याला विचारले, एनफील्ड रायफल बनवायची यंत्रे तू करून देशील का? व्हिटवर्थचे उत्तर यंत्रकाराचे नव्हते, वैज्ञानिकाचे होते. रायफल कशी असावी हेच कोणी नीट तपासलेले नाही, तर यंत्रे कशाची करायची? आधी प्रयोग करू द्या, असे तो म्हणाला. सरकारी खर्चाने मँचेस्टरच्या रशोम भागात ५०० यार्ड लांबीचे झाकलेले दालन उभे राहिले. ते एकदा वादळात कोसळले आणि पुन्हा बांधावे लागले. वाटेत ठिकठिकाणी पातळ कागदाचे पडदे होते. रॉबिन्सचीच युक्ती, फक्त घरात आणलेली.

व्हिटवर्थने नळीचा व्यास, आट्यांची चढण, गोळीची लांबी असे एकेक बदलून पाहिले. शेवटी जी नळी हाती आली तिचे भोक गोल नव्हते, षट्कोनी होते, आणि गोळीही पीळ दिलेल्या षट्कोनी कांडीसारखी होती. एनफील्डची नळी ०.५७७ इंच, तर हिची ०.४५१. एनफील्डमध्ये गोळी ७८ इंचांत एक फेरा घेई, येथे २० इंचांतच. बारीक, लांब आणि झपाट्याने फिरणारी गोळी. हाइथच्या चाचणीत ५०० यार्डांवर एनफील्डच्या गोळ्या केंद्रापासून सरासरी २.२४ फूट विखुरल्या, व्हिटवर्थच्या ०.३७ फूट. १४०० यार्डांवर एनफील्डचे मोजमाप घेण्यासारखे काही उरलेच नाही.

लांब गोळीला जास्त फिरकी का लागते हे कळण्यासाठी भोवरा आठवावा. बुटका भोवरा हळू फिरला तरी उभा राहतो. उंच आणि सडपातळ भोवऱ्याला जोराचा फिरका द्यावा लागतो, नाहीतर तो आडवा होतो. १८७९ साली वुलिचच्या ग्रीनहिल या प्राध्यापकाने याचा एक सोपा आडाखा काढला. गोळीची लांबी आणि एका फेऱ्याचे अंतर, दोन्ही गोळीच्या व्यासाच्या पटीत मोजा. त्यांचा गुणाकार १५० च्या जवळ असावा. व्हिटवर्थच्या रायफलला हे लावून पहा. २० भागिले ०.४५१ म्हणजे ४४. १५० ला ४४ ने भागले की ३.४. म्हणजे व्यासाच्या सव्वातीन-साडेतीन पट लांबीची गोळी या नळीतून सरळ जावी. व्हिटवर्थने निवडलेली गोळी साधारण याच मापातली होती, आणि ती त्याने सूत्राशिवाय, केवळ कागदाला पडलेली भोके पाहून निवडली होती.

लष्कराने मात्र त्याची रायफल घेतली नाही. ती महाग होती आणि तिच्या बारीक नळीत दारूची काजळी लवकर साठे. १८६० साली विम्बल्डनच्या स्पर्धेचे उद्घाटन राणी व्हिक्टोरियाने याच रायफलने केले. रायफल चौकटीत आवळलेली, राणीने फक्त रेशमी दोरी ओढली, आणि गोळी ४०० यार्डांवर केंद्रापासून सव्वा इंचावर लागली. राणीच्या नेमाचे कौतुक करणाऱ्यांनी चौकटीचेही करायला हवे होते.

डमडमचे नाव पुन्हा एकदा येते ते १८९० च्या दशकात. तेथील कारखान्यात गोळीच्या टोकावरचे धातूचे कवच काढून टाकण्यात आले, म्हणजे शरीरात शिरताच मऊ शिसे पसरावे आणि जखम मोठी व्हावी. वायव्य सरहद्दीवरच्या टोळ्यांविरुद्ध या गोळ्या वापरल्या गेल्या. १८९९ च्या हेग परिषदेत अशा गोळ्या युद्धात वापरू नयेत असा जाहीरनामा झाला; ब्रिटनने विरोध केला आणि १९०७ साली तो मान्य केला. गोळीच्या टोकात केलेला एवढासा बदल, आणि त्यासाठी राष्ट्रांना एकत्र बसावे लागले. विचित्र गोळ्यांचे सगळेच प्रयोग जिज्ञासेपोटी झाले नाहीत, हे विद्यार्थ्यांना सांगायला हवे.

आता आपला डॉक्टर. फ्रँकलिन वेस्टन मान, जन्म १८५६, अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातला. कॉर्नेल विद्यापीठातून पदवी घेऊन पुढे तो वैद्यकही शिकला. कोंबड्यांना खाऊ घालण्यासाठी ताजी हाडे कापणारे यंत्र त्याने तयार केले, आणि त्या धंद्याने त्याला वैद्यकीवर अवलंबून राहण्याची गरज ठेवली नाही. मिळालेला पैसा आणि वेळ त्याने एकाच प्रश्नावर खर्च केला, तोच ज्याने हा लेख सुरू झाला. माणूस बाजूला काढला तरी गोळ्या एका भोकातून का जात नाहीत?

त्या काळी अमेरिकेत नेमबाजीचे हौशी मंडळ मोठे होते. ही मंडळी बाजारचे काडतूस वापरण्यापेक्षा गोळी स्वतः ओतत, दारू स्वतः तोलत, आणि प्रत्येकाचे एक खास गुपित असे. कोणी म्हणे शिशात कथील इतके हवे, कोणी म्हणे वंगण अमुकच हवे. एका दुपारी चांगला पुंजका पडला की गुपित सिद्ध! (आपल्याकडे परीक्षेला अमुक पेन नेले की पेपर सोपा जातो, त्यातलाच प्रकार.) मानने या गुपितांचा ढीग बाजूला सारून प्रथम काँक्रीटचा एक भक्कम ओटा बांधला आणि त्याला गमतीने 'जिब्राल्टर' म्हटले. त्यावर इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची पन्हळ बसवली. नळीवर अचूक गोल कडी चढवून ती पन्हळीत नुसती ठेवायची. बार उडाला की ती सरळ मागे घसरते आणि पुन्हा त्याच जागी आणता येते. शिवाय नळी पन्हळीतल्या पन्हळीत हव्या तितक्या अंशांनी फिरवता येते. ही शेवटची सोय फार मोलाची ठरली.

मग त्याने गोळ्या बिघडवायला घेतल्या. काहींचे टोक एका बाजूने तिरके छाटले. काहींचे बूड तिरके छाटले. साधा अंदाज असा की टोक वाकडे असलेली गोळी हवेत भरकटेल, बुडाला कोण विचारतो? निकाल उलटा लागला. टोक विद्रूप केलेल्या गोळ्या बऱ्याच शहाण्यासारख्या गेल्या. बूड छाटलेल्या मात्र दूर भरकटल्या, आणि त्याही कशाही नव्हे, तर छाटलेली बाजू नळीच्या तोंडाशी ज्या दिशेला असेल त्यानुसार ठरलेल्या दिशेने. नळी पन्हळीत फिरवली की भोकेही कागदावर तशीच फिरत.

कारण नीट पाहिले तर उलगडते. टोकाचा दोष हवेला जाणवतो, पण गोळी सेकंदाला हजारो फेरे घेत असते. दोष क्षणात उजवीकडे, क्षणात डावीकडे, त्यामुळे धक्के एकमेकांना बरेचसे खाऊन टाकतात. बुडाचे तसे नाही. गोळी नळी सोडते त्या क्षणी मागचा तापलेला वायू बुडाच्या कडेने उसळून बाहेर पडतो. बूड तिरके असेल तर एका बाजूने तो आधी निसटतो आणि गोळीला कलती करतो. एकच ढकल, भरपाई करायला वेळ नाही.

दुसरा शोध गोळीच्या समतोलाचा. शिसे ओतताना आत बारीकसा बुडबुडा राहिला तर गोळीचा गुरुत्वमध्य तिच्या अक्षापासून जरा सरकतो. नळीत असेपर्यंत भिंती तिला अक्षाभोवतीच फिरायला लावतात, म्हणजे गुरुत्वमध्य एका छोट्या वर्तुळात फिरत असतो. नळी सुटली की तो स्पर्शरेषेने निघून जातो. गोफणीतला दगड सुटतो तसा.

हे फळ्यावर मांडून पहा. गुरुत्वमध्य ०.०२ मिलिमीटर सरकला आहे आणि गोळी दर २५० मिलिमीटरला एक फेरा घेते, असे धरा. एका फेऱ्यात गुरुत्वमध्य २ × ३.१४ × ०.०२, म्हणजे सुमारे ०.१२६ मिलिमीटर आडवा जातो, तेवढ्यात गोळी २५० मिलिमीटर पुढे जाते. हेच गुणोत्तर पुढे कायम राहते, म्हणून १०० मीटरवर आडवे अंतर ५० मिलिमीटर. पाच सेंटिमीटर! दोष केसाच्या जाडीपेक्षाही कमी, आणि कागदावर फरक दोन बोटांहून जास्त. आणखी एक गंमत म्हणजे या हिशेबात गोळीचा वेग कोठेच आला नाही. वेग दुप्पट झाला तर फिरकी दुप्पट आणि प्रवासाचा वेळ निम्मा; दोन्ही एकमेकांना कापतात. विद्यार्थ्यांना हे आधी न सांगता वेगासह गणित करायला लावावे आणि तो कसा नाहीसा होतो ते त्यांनाच शोधू द्यावे.

मानने हे सारे १९०९ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. त्यात फसलेल्या प्रयोगांचीही नोंद आहे. गुपिते बाळगणाऱ्यांच्या जगात आपले अपयश छापणारा तो विरळा गृहस्थ होता. १९१६ साली तो वारला.

यातले बंदुकीचे प्रयोग शाळेचे नव्हेत, घरचेही नव्हेत. दारू आणि बंदूक यांना हौसेने हात लावणाऱ्यांची बोटे आणि डोळे गेल्याच्या गोष्टी या इतिहासाच्या पानोपानी आहेत. रॉबिन्सने केलेला एक प्रयोग मात्र वर्गात करण्यासारखा आहे. त्याने साडेचार इंची लाकडी चेंडू आठ-नऊ फूट लांबीच्या दुहेरी दोऱ्याला टांगला होता. आपण मोठा हलका प्लॅस्टिकचा चेंडू घ्यावा, कारण तो जितका हलका तितका परिणाम ठळक दिसतो. छताच्या हुकाला दुहेरी दोरा बांधा आणि जमिनीवर खडूने एक सरळ रेषा काढा. आधी दोऱ्याला पीळ न देता चेंडू रेषेवर झुलवा. तो रेषा धरून राहतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे रेषा बदलेल अशी शंका एखादा हुशार विद्यार्थी काढील, तर त्याला सांगा की पुण्याच्या अक्षांशावर तो बदल तासाला पाच अंशांहूनही कमी असतो. आता चेंडू हाताने फिरवून दोऱ्याला पुष्कळ पीळ द्या आणि त्याच रेषेवर अलगद सोडा. पीळ उलगडू लागतो, चेंडू गरगरतो आणि झोका खडूची रेषा सोडून एका बाजूला सरकू लागतो. पीळ संपून दोरा उलट्या दिशेने गुंडाळला जाऊ लागला की चेंडूची फिरकी मंदावते आणि मग उलटते. त्या वेळी झोका कोणत्या बाजूला जाईल, हे वर्गाला आधी कागदावर लिहायला लावा, आणि मग चेंडूकडे पाहू द्या.